पोटावरचा हात

गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी तिथे सिमेंटच्या गोण्यांची थप्पी असायची. आज सतरंज्यांवर बायका एकमेकींना खेटून बसल्या होत्या, पुरुष भिंतींना टेकले होते, आणि पत्र्याखालच्या त्या उकाड्यात सगळ्यांचे डोळे समोरच्या चौथऱ्याकडे लागले होते. तिथे एक गरोदर बाई उताणी निजली होती. तिच्या पोटावर पांढरंशुभ्र कापड होतं आणि शेजारी हातात तांब्या घेऊन हातवाले बाबा उभे होते.

“नीट बघा,” बाबा म्हणाले. “नंतर म्हणाल, बाबा, आमचं लक्षच नव्हतं, परत दाखवा. परत दाखवायला हा सिनेमा नाही!”

लोक हसले. बाबांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, ओठ हलवले आणि ते कापडावर शिंपडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कापडावर एक लाल ठिपका फुटला. ठिपक्याचं बोट झालं, एका बोटाची पाच झाली, आणि बघता बघता पोटावर रक्ताळलेला अख्खा पंजा पसरला.

गोदामाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच हुंकार गेला. कुणी हात जोडले, कुणी तोंडात पदर कोंबला.

“हाच तो!” बाबा गरजले. “हाच हात हिची दोन लेकरं खुडून घेऊन गेला. आता तिसऱ्याला चाचपतोय. सासूबाई, खरं की खोटं? हिच्या अंगावर त्याच्या खुणा आहेत की नाहीत?”

चौथऱ्याशी बसलेली सासू उठली. “आहेत हो बाबा. मी डोळ्यांनी पाहिल्यात. पोटावर बोटं उठलीत, काळीनिळी.”

मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या बाई टाचा उंचावून पाहू लागल्या. त्यांना सगळी गल्ली बाईच म्हणायची, कारण शाळेत रसायनशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी निम्म्या गल्लीचे कान पिळले होते. चौथऱ्यावर निजलेली ती त्यांची सख्खी वहिनी. सासू म्हणजे बाईंची आई. आणि चौथऱ्याच्या पायरीवर हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभा असलेला तो त्यांचा दादा. गॅरेजातला दिलदार मिस्त्री, अडल्यानडल्याला धावणारा, लहानपणी बाईंना सायकल शिकवताना स्वतःचे गुडघे फोडून घेणारा. ‘तूही ये, तुझ्या विज्ञानाला तरी दिसू दे,’ असं आईने फोनवर सांगितलं, म्हणून त्या आल्या होत्या.

बाबांनी दुसरा तांब्या घेतला. त्यातलं पाणी पडताच पंजा फिका झाला आणि विरून गेला. कापड पुन्हा कोरं करकरीत.

“आज दबलाय. मेला नाही,” बाबा म्हणाले. “परवा दुपारी तोडायचा. तोवर दवाखान्याची पायरी चढायची नाही. सुई टोचली की हात खवळतो!”

‘तोडायचा’ म्हणजे काय, ते पुढच्याच बाईवर दिसलं. हिचीही मुलं टिकत नव्हती. दोघा दिरांनी तिचे दंड धरले आणि बाबांनी वेताची छडी तिच्या ओटीपोटावर, कमरेवर सपासप ओढली. ती गुरासारखी ओरडली.

“ही नाही ओरडत,” बाबा धापा टाकत लोकांना समजावत होते, “आतला ओरडतोय! हिला काही लागत नाही.”

लागत नसलेली ती बाई खाली कोसळली. तिच्या साडीवर मागून लाल डाग पसरला. लोकांनी त्यालाही नमस्कार केला.

बाई पुढे घुसायला गेल्या, पण गर्दी भिंतीसारखी उभी होती. त्या धक्काबुक्कीत त्यांना दोनच गोष्टी पक्क्या जाणवल्या. कापडावरचा तो लाल रंग रक्ताचा नव्हता. रक्तात अशी गुलाबी झाक नसते, आणि ही झाक त्या दरवर्षी दहावीच्या वर्गात परीक्षानळीत बघत आल्या होत्या. शिवाय दुसऱ्या तांब्यातल्या पाण्याला लिंबाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई दादाच्या घरी गेल्या. आई आतल्या खोलीत टीव्हीसमोर होती. वहिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होती, एका हाताने, कारण दुसरा हात कमरेला होता.

“वहिनी, पोट दाखव.”

“काय हो वन्सं, काहीतरीच!”

“दाखव म्हणते ना.”

वहिनीने दाराकडे पाहिलं आणि पदर बाजूला केला. बेंबीच्या बाजूला चार निळे वळ आणि त्यांच्यासमोर एक अंगठा. बाजूने बरगडीपासून मांडीपर्यंत पिवळट पडलेला जुना मार.

“हे भूत रोज येतं की सुटीच्या दिवशीच?” बाईंनी विचारलं.

वहिनी कणकेकडे बघत हळूहळू बोलली. पहिल्या वेळी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून लाथ बसली होती. रात्रभर कळा आल्या आणि सकाळी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाल्या, अंग भरून येईपर्यंत दिवस जाऊ देऊ नका, आणि गोळ्या दिल्या. दादाने त्या गटारात टाकल्या. ‘कुणासाठी घेतेस?’ असं विचारलं आणि पट्ट्याने विचारलं. रक्त थांबलं नव्हतं तरी त्याने तिला सोडलं नाही. नको म्हणायची सोय नव्हती. मग आतून दुखायला लागलं, ताप आला, अंगावरून घाण वास यायला लागला. तशातच दुसऱ्यांदा दिवस राहिले, आणि तेही गेले.

“दवाखान्यात सांगितलं नाहीस?”

“हे शेजारी बसलेले असतात ना. डॉक्टर विचारतात, ‘पडलात का?’ हेच सांगतात, ‘हो, जिन्यावरून.’” मग ती चटकन म्हणाली, “पण ते वाईट नाहीत हो! तुम्ही ओळखता की त्यांना. मारून झालं की पाय धरून रडतात. बाबा म्हणाले, तो हातच त्यांच्या अंगात शिरतो. उद्या तोडला की सगळं नीट होईल.”

बाई काही बोलणार इतक्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं. दादा आला होता. भिंतीच्या आडोशाला उभ्या असलेल्या बहिणीकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

“फोन का उचलला नाहीस?”

“हात कणकेचे होते—”

पुढचं वाक्य झालंच नाही. त्याने तिचे केस मुठीत धरून डोकं ओट्यावर आपटलं. परात खाली पडून खणखणत फिरली. ती पोट वाचवायला वाकली, तर त्याने तिला खांद्याला धरून सरळ केलं, अगदी नेमकेपणाने, गाडीचा वाकलेला पत्रा ठोकायला सरळ धरावा तशी, आणि गुडघा पोटात घातला.

“दादा!”

तो वळला. त्याचा चेहरा लखकन बदलला. “अगं, तू कधी आलीस? चहा घेतलास की नाही?”

आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा झाला.

बाईंनी वहिनीला उचलायचा प्रयत्न केला. दादा आडवा आला, पण चढ्या आवाजात नाही. रडक्या आवाजात. “मला कळतच नाही गं मग काय होतं ते. माझा हात माझा राहत नाही. बाबांनाच विचार.”

“आत्ता दवाखान्यात चल, वहिनी. रिक्षा आणते.”

भिंतीला टेकून बसलेल्या वहिनीच्या नाकातून रक्त ओघळत होतं. तिने मान हलवली. “नको वन्सं. सुई टोचली की हात खवळतो.”

बाई घरातून निघाल्या तेव्हा त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. दादापासून वहिनीला ओढून नेता येईल, पण बाबांपासून नाही. तिच्या घराला कुलूप दादाने लावलं होतं खरं, पण किल्ली बाबांच्या तांब्यात होती.

त्या तडक सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

“पाचवा महिना? पोटात गुडघा? बाई, तुम्ही मला भुताची गोष्ट सांगायला आलात, पण ही गोष्ट माझ्याकडे रोज येते. जिन्यावरून पडणाऱ्या बायका. या गावात इतके जिने तरी आहेत का हो? पोलीस ठाण्यात मी फोन करते. उद्या रुग्णवाहिका गोदामाच्या दाराशी उभी राहील आणि तिच्याबरोबर मीही. पण गाडीत तिने पाय ठेवायला हवा. ते तुमचं काम.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाम आदल्या वेळेपेक्षा जास्त भरलं. हात उमटलेला सगळ्यांनी पाहिला होता, आता तो तुटताना पाहायचा होता. वहिनीला दोन बायका धरून घेऊन आल्या. तिचा चेहरा मेणासारखा पिवळा पडला होता. कपाळावरची खोक केसांनी झाकली होती. बाबांनी कापड पसरलं, पंजा उमटवला, लोकांकडून हुंकार वसूल केला आणि छडीला हात घातला.

“बाबा!” बाई चौथऱ्यावर चढल्या आणि त्यांनी सरळ पायांवर लोळण घेतली. “आधी मला बघा हो! माझं लग्न जमत नाही. एकाच घरातल्या आम्ही, माझ्यावरही हात असेल.” त्यांनी कमरेचा धुवट रुमाल काढून स्वतःच्या पोटावर धरला.

बाबांनी तिरप्या नजरेने रुमाल पाहिला. त्यांच्या पेटीतला नव्हता, म्हणजे त्यावर काही उमटायचं नाही. बाबांना हे आयतंच सापडलं. सगळ्यांवर हात निघायला लागला तर बाबांवरच संशय येईल, मधूनमधून एखादी निर्दोष निघालेली बरी.

“लोकहो, बघा!” ते म्हणाले. “जिच्यावर छाया नाही, तिच्या कापडावर ठिपकाही उठत नाही. पाणी खोटं बोलत नाही!”

“पाणी खोटं बोलत नाही ना?” बाईंनी मोठ्याने विचारलं.

“त्रिवार नाही!”

आणि त्यांनी पाणी शिंपडलं.

रुमालावर लाल रेघ फुटली, वळली, तिला काना आला, मात्रा आली. बाईंनी रुमाल दोन्ही हातांनी उंच धरला. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे बारीक करून वाचलं, “सो... डा. अगं बाई! भूत म्हणतंय, सोडा!”

“भूत नाही आजी, मी म्हणतेय,” बाई म्हणाल्या. “कालच लिहिलं, शाळेच्या प्रयोगशाळेत बसून. आणि सोडा म्हणजे कपडे धुवायचा सोडा! बाबांच्या पहिल्या तांब्यात तो विरघळवलाय. शाळेत एक औषध असतं, पाण्यासारखं बिनरंगी. फिनॉल्फ्थॅलीन म्हणतात. त्याने कापडावर पंजा काढा, वाळवा, काही दिसत नाही. वर सोड्याचं पाणी पडलं की लाल होतं. दुसऱ्या तांब्यात लिंबू पिळलंय, त्याने रंग जातो. दहावीतल्या कुठल्याही पोराला विचारा. नापास झालेल्यालासुद्धा येतं हे!”

त्यांनी दुसरा तांब्या रुमालावर ओतला. ‘सोडा’ विरून गेलं. पुन्हा पहिल्या तांब्यातलं पाणी शिंपडलं, ‘सोडा’ परत हजर. मग त्यांनी पेटीतली घडी घातलेली कापडं उपसली आणि एकेकावर पाणी मारलं. रिकाम्या कापडांवर, कुणाच्याही पोटाला न शिवता, पंजेच पंजे उमटत गेले. एक तर उलटा काढलेला होता, अंगठा भलतीकडे.

“याच्या भुताला उजवं-डावंही कळत नाही!” भिंतीशी कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. परवा नमस्कार करणारेच आज टाळ्या पिटत होते.

बाबांच्या कपाळावर घाम आला. पण असा माणूस मुरलेला असतो, बुडतानाही समोरच्याची मान धरून बुडतो. त्यांनी वहिनीचा दंड धरून तिला उभं केलं.

“हसा! कापडावरचा हात खोटा म्हणता ना? चला, खोटा. लोकांना समजावं म्हणून काढतो मी. पण हिच्या पोटावरचा हात? सासूने पाहिलाय, बायकांनी पाहिलाय. तो काय शाळेच्या औषधाने काढलाय? सांग ना गं मास्तरणी, हिच्या पोटावरचा हात कुणाचा?”

हशा बंद पडला. पत्रा तापून कडकड वाजत होता, तेवढाच आवाज.

बाईंना उत्तर माहीत होतं. पण ते त्यांनी देऊन चालणार नव्हतं. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी चौथऱ्यावर पसरलेल्या त्या लाल पंजांकडे बघत होती, मग स्वतःच्या पोटाकडे, मग पायरीवर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

“यांचा,” ती म्हणाली.

“काय?”

“यांचा हात. माझ्या नवऱ्याचा.” आवाज बारीक होता, पण शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. “पहिल्या वेळी लाथ होती. दुसऱ्या वेळी पट्टा. काल गुडघा. भूत कधीच आलं नाही. आलं असतं तर निदान रात्री तरी मला सोडलं असतं.”

दादाने एका ढांगेत चौथरा गाठला. त्याने बाबांच्या हातातली छडी हिसकावली आणि सगळ्यांच्या देखत बायकोच्या पोटावर ओढली. एकदा, दोनदा. बाई मध्ये पडल्या तर तिसरा फटका त्यांच्या तोंडावर बसला आणि ओठ फाटला. “माझी इज्जत काढतेस? माझी?” त्याचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे शांत होते. कुणी अंगात शिरलेल्या माणसाचे नव्हते. काय करतोय हे त्याला नीट कळत होतं.

परवा ज्या दोघा दिरांनी भावजयीचे दंड धरले होते, ते आज धावले आणि त्यांनी दादाचे दंड धरले. त्यांची ती भावजय मागे उभी होती. ती पुढे आली, तिने पडलेली छडी उचलली, गुडघ्यावर मोडली आणि तुकडे बाबांच्या अंगावर फेकले. बाबा तोवर मागच्या दाराकडे सरकले होते, पण तिथे पोलिसांना घेऊन डॉक्टर उभ्या होत्या.

वहिनीच्या पायांवरून रक्ताची धार उतरली होती. “वन्सं,” ती म्हणाली, “रिक्षा आणा.”

“गाडी दारात आहे,” बाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या पडवीत बाई ओठाला कापूस लावून बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी आई. डॉक्टर बाहेर आल्या.

“बाळाचे ठोके आहेत. वार थोडी सुटली आहे, पुरती नाही. आज उशीर झाला असता तर दोघंही गेली असती.” मग आईकडे वळून त्या सावकाश बोलल्या, “आजी, बाळाला लागणारं रक्त आणि अन्न ज्या वारेतून जातं, ती गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते. पोटावर मार बसला की ती उचकटते. रक्त जातं, बाळ गुदमरतं. मार पोटावर नसला तरी सतत भीतीत राहणाऱ्या बाईची झोप जाते, खाणं जातं, रक्तदाब चढतो, बाळ सुकतं. गोळ्या फेकून दिल्या, अंग सावरू दिलं नाही, जबरदस्ती केली, आत जंतू गेले. त्यातून पुढे कायमचं वांझपण येऊ शकतं. मग लोक म्हणतात, हिची कूसच वाईट.”

आई बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “तुझ्या दादाच्या आधी माझी दोन गेली. मला सांगितलं होतं, या घरावर हात आहे, सुनेला सोसावा लागतो. मी ते खरं धरून बसले गं. नाहीतर कुणाला धरणार होते? तुझ्या वडिलांना? टीव्ही मी मोठा करायचे, कारण तो आवाज मला ओळखीचा होता.”

वडिलांचा फोटो बाईंच्या खोलीत टेबलावर होता, आणि दादावर त्यांनी जीव टाकला होता. त्या उठल्या आणि पोलिसांना जबाब द्यायला गेल्या. भावाचं नाव सांगताना त्या दोनदा थांबल्या, पण नाव सांगितलं. त्यांच्यामागे आईनेही सांगितलं, काल भिंतीपलीकडून काय काय ऐकू आलं ते.

वहिनी बाईंच्या एका खोलीच्या घरात राहायला आली. तिच्या पाठोपाठ आईही आली, टीव्ही न घेता. औषधं वेळेवर झाली, तपासण्या झाल्या. दादा तुरुंगात गेला. बाबा जामिनावर सुटून दुसऱ्या गावी गेले आणि तिथे म्हणे डोळेवाले बाबा झाले. लोकांनी तिथेही सतरंज्या अंथरल्या असतील. वहिनीची मुलगी वेळेच्या थोडी आधी जन्मली. मुठीएवढी होती, पण रडली अशी की नर्सनेच कानांवर हात ठेवले.

गल्लीतल्या बायका बाईंच्या घरी बाळ बघायला आल्या तेव्हा कुणीतरी विचारलंच, “बाई, शेवटी उपाय कोणता केलात? तोडगा सांगा की.”

बाळाला तपासायला आलेल्या डॉक्टर तिथेच होत्या. “एका बाळावरून काही सिद्ध होत नाही,” त्या म्हणाल्या. “पण माझा वॉर्ड भरलेला असतो, आणि तिथे सगळ्यांची गोष्ट एकच असते.”

“आम्ही तोडगा केला नाही,” बाई म्हणाल्या. “औषधपाणी केलं, ते कुणीही करतं. बाकी फक्त मारणारा माणूस घरातून गेला.” त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. दोघीतिघींनी नजर चुकवली. “ऐका. पोटावर वळ उठले तर विचारायचं, कुणी मारलं? मूल गेलं तर विचारायचं, कसं गेलं? बाई गप्प असेल तर नवऱ्याला बाहेर बसवून पुन्हा विचारायचं. अदृश्य हात शोधत फिरू नका. दिसणारे हात आधी मोजा. आणि ज्या कुणाला आज माझ्याशी एकटीशी बोलायचंय, तिने मागे थांबावं.”

बायका उठल्या, चपला घालू लागल्या. दाराशी गर्दी झाली आणि हळूहळू ओसरली. चौघीजणी मागे राहिल्या. बाईंनी दार लावून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.